रिकामा चौकोन

लडाखहून परत येऊन दहा दिवस झाले. नाकाची सालटी अजून निघतायत, आणि नेरूळच्या दमट हवेत कपडे वाळत नाहीत म्हणून चिडचिड सुरू झालीय, म्हणजे घरी रुळले म्हणायला हरकत नाही. सोसायटीच्या लिफ्टमध्ये आतापर्यंत सात जणांनी एकच विचारलं, "मग, दिसला का हिमबिबट्या?"

नाही दिसला. चौथा हंगाम, एकदाही नाही. हे ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर जी कीव येते ना, त्या कीवेमुळे ही पोस्ट लिहितेय. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

जूनअखेर ते सप्टेंबर मी चांगथांगात, म्हणजे लडाखच्या पूर्वेकडच्या उंच पठारावर, पाच जणांची तुकडी घेऊन वन्यप्राण्यांच्या अधिवासाची पाहणी करते. उंची साडेचार हजार मीटरच्या आसपास. लेहला वर्षभरात जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे जुलैत एखादा दिवस तेवढा पडतो आणि आपण लोकलच्या नावाने बोटं मोडतो. अशा कोरड्या, गार मुलखात कियांग (तिथली रानगाढवं), मार्मोट (बिळात राहणाऱ्या गुबगुबीत मोठ्या खारी), ससे, शिवाय चांगपा लोकांच्या पश्मिना शेळ्या हे सगळे जगतात कशावर, ते आम्ही बघतो. म्हणजे मुख्यतः गवत मोजतो. पाइपची एक मीटर बाय एक मीटर चौकट जमिनीवर ठेवायची आणि आत काय आहे ते लिहायचं. गवत किती, दगड किती, उघडी माती किती, लेंड्या कुणाच्या, ताज्या की जुन्या. मग ठरलेल्या अंतरावर पुढची चौकट. चार पावलांवर हिरवळ दिसली म्हणून चौकट तिकडे सरकवायची नाही.

तुकडीची प्रमुख म्हणजे काय, तर डिझेल किती उरलंय, कोण कुणाशी बोलत नाहीये आणि डोकं दुखत असूनही कोण लपवतंय, हे बघणारी बाई. लेहला पहिले दिवस नुसतं पडून राहायचं असतं. दर वर्षी हरिश्चंद्रगड पाच वेळा केलेला एक तरी वीर असतो, "ताई, मला काही होत नाही" म्हणणारा. त्यालाच होतं.

मी पहिल्यांदा प्रमुख झाले त्या वर्षीची गोष्ट. रात्री तंबूत टॉर्चच्या उजेडात नोंदींचे कागद तपासत होते. एका मुलाच्या कागदावर बारापैकी पाच चौकोन कोरे. विचारलं तर म्हणाला, "ताई, काही नव्हतंच तिथे. काय लिहू?"

शून्य लिही ना बाबा! कोऱ्या चौकोनाचे दहा अर्थ होतात. गेलास आणि काही मिळालं नाही, गेलाच नाहीस, वारा होता म्हणून परतलास, लिहायला विसरलास. सहा महिन्यांनी संगणकापुढे बसणाऱ्याला त्यातलं काय कळणार? दुसऱ्या दिवशी त्याला त्या पाचही जागी परत पाठवलं. तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

पण मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. त्याच हंगामात एक चौकट ओढ्यापलीकडे आली. दुपारनंतर वरचा बर्फ वितळून ओढ्यांचं पाणी वाढतं, आणि मला कमालीचा कंटाळा आला होता. दुर्बिणीतून पलीकडे बघितलं, नुसते दगड. लिहिलं शून्य. रात्री आमचे ड्रायव्हर आचो सहज म्हणाले, तिकडे तर मार्मोटची बिळं आहेत. सकाळी पाणी उतरल्यावर गेले. बिळं होती, लेंड्याही होत्या. त्या मुलाने निदान खोटं तरी लिहिलं नव्हतं. तो कागद त्याला दाखवला, तेव्हा कुठे तो बोलायला लागला.

आता हिमबिबट्याकडे येते. जानेवारी 2024 मध्ये सरकारने आकडा जाहीर केला: भारतात 718, त्यातले 477 लडाखमध्ये. तो कुणी डोळ्यांनी मोजून काढलेला नाही. 1,971 ठिकाणी कॅमेरे लावले होते, त्यांत 241 वेगवेगळे बिबटे आले. बाकीचा अंदाज गणिताने. त्या गणितात बिबट्या आला ती रात्र धरावी लागते, तशीच फक्त वारा आणि चुकार याक आले ती रात्रही. रिकाम्या रात्री फेकून दिल्या असत्या तर 718 कुठून आला असता?

हे सगळं तांत्रिक वाटेल, पण मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. मोकळं माळरान दिसलं की आपण "ओसाड" म्हणून मोकळे होतो. लडाखमध्येच पांगच्या बाजूला 13 गिगावॉटचा प्रचंड सौर-पवन ऊर्जाप्रकल्प योजलेला आहे; त्याच्या वीजवाहिन्यांना केंद्राने 2023 मध्ये मंजुरी दिली. मी सौरऊर्जेच्या विरोधात नाही, आमच्याच गच्चीवर पॅनल आहेत. पण "तिथे काही नाही" हे वाक्य कुणी, कुठल्या महिन्यात, किती वेळ बघून म्हटलं, एवढं तरी विचारू द्या. जुलैत एका माळावर आम्हाला एकही कियांग दिसला नव्हता. जमिनीवर मात्र उन्हाने पांढऱ्या पडलेल्या लिदीचे ढीगच्या ढीग. म्हणजे येतात, आम्ही नसताना येतात.

आणि हे लडाखचंच दुखणं आहे असं समजू नका. आपल्याकडे ओहोटीला फ्लेमिंगो ठाणे खाडीच्या चिखलावर चरतात. भरतीने चिखल बुडाला की सीवूड्सच्या डीपीएस तलावावर आणि आसपासच्या पाणथळ जागांवर येतात. दर वर्षी आमच्या ग्रुपवर कुणीतरी भर ओहोटीला काढलेला रिकाम्या तलावाचा फोटो टाकतो: "बघा, पक्षी येतच नाहीत, उगाच बोंबाबोंब." अरे, वेळ लिही, भरती-ओहोटी लिही, मग बोलू! खाडीला 2015 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, 2022 मध्ये रामसरचा (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा), पण पावसाळ्यातल्या आणि ऑक्टोबरातल्या नोंदी शोधायला जा, फोटोच फोटो मिळतील, तेही गुलाबी महिन्यांतले.

(जाता जाता: लडाखच्या तळ्यांवर पिल्लं वाढवणारा तपकिरी डोक्याचा कुरव, म्हणजे सीगल, थंडीत आपल्या किनाऱ्यावर येतो. लोक त्याला शेव-गाठ्या घालतात. नका घालू. इथे त्याचं डोकं पांढरं झालेलं असतं, म्हणून मलाही पहिल्या वर्षी ओळखू आला नव्हता.)

तर या रविवारी भरतीची वेळ बघून मी तलावावर जातेय, तासभर मोजायला. आता फ्लेमिंगो फारसे नसणार, माहीत आहे. पेन्सिली मी आणते. वर थंडीत बॉलपेन दगा देतात, तेव्हापासून सवयच लागलीय. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "काही दिसणारच नसेल तर येऊ कशाला?"

त्यांना वही धरायचं काम दिलंय.