तपकिरी भानगड

मोर ओळखायला अक्कल लागत नाही. खंड्या तर स्वतःच ओरडून ओळख करून देतो. त्यामुळे पक्षीनिरीक्षणाच्या पहिल्याच दिवशी मी ऐटीत म्हणाले, "सर, ती बघा चिमणी!" सरांनी दुर्बीण न हलवता विचारलं, "कुठली?"

चिमणीत 'कुठली' असतं हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. चिऊचा घास भरवणाऱ्या आईनेही नाही.

घरचिमणीच्या नराचा माथा राखाडी, गळा काळा. अख्खा माथा तांबूस आणि पांढऱ्या गालावर काळा ठिपका असेल तर ती ट्री स्पॅरो. हे मला झटकन पटलं. कावळा दार वाजवत असताना बाळाला तीट लावत बसलेली चिऊताई ती हीच! फक्त या जातीत नर-मादी दोघांच्याही गालावर तीट असते. म्हणजे बाईंनी नवऱ्यालाही लावून ठेवली होती.

पुढे गाडी अडली. थंडीत घरचिमण्याचा काळा गळा फिका दिसतो, कारण नव्या पिसांची टोकं फिकट असतात. ती झिजली की ऐन विणीच्या हंगामात खालचा काळा रंग उघडा पडतो. कोट झिजेल तसा रुबाब वाढतो. आमच्या घरात हे अजून कुणाला जमलेलं नाही.

आणि मादी? ना काळा गळा, ना तीट. डोळ्यामागे फिकट भुवई, तीही नाइलाजाने दिल्यासारखी. "ही घरचिमणीची मादी," मी एकदा छातीठोकपणे सांगितलं. ती सुगरण निघाली. विणीचा हंगाम सरला की सुगरणीचा नरसुद्धा पिवळा माथा उतरवून असाच तपकिरी होतो. अशा वेळी म्हणे जाड चोच आणि आखूड शेपूट बघायची. पाखरू बसतं दोन सेकंद. एक दुर्बीण जुळवण्यात जातो, दुसऱ्यात शेपूट दिसते, ती निघालेली असते.

रानचिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका असतो, पण तो दिसायला तिने मान वर करायला हवी, आणि ती माझ्यासाठी कशाला करेल? हिनेच लहानपणी सालिम अलींना कोड्यात टाकलं होतं. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली ही चिमणी घेऊन ते १९०८ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत विचारायला गेले आणि पुढे थोर पक्षीतज्ज्ञ झाले. माझीही सुरुवात न ओळखता आलेल्या चिमणीपासूनच झाली. मी अजून तिथेच आहे.

परवा वहीत लिहिलं, 'चिमणी, बहुधा. तपकिरी. उडाली.' सरांनी वाचून फक्त शेवटच्या शब्दापुढे बरोबरची खूण केली.