आधी सात फूट एक इंच उंची घ्या

शॅक बोलायला लागला की मी रिमोट शोधतो. चॅनल बदलायला नव्हे, आवाज वाढवायला. शॅक म्हणजे शकील ओनील, एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधला माजी सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू. हा गडी सात फूट एक इंच उंच, खेळत असतानाचं कागदोपत्री वजन 147 किलो, आणि आवाज असा की छातीतून निघतो आणि ओठांपर्यंत यायच्या आत विचार बदलतो. 2011 साली तो निवृत्त झाला आणि त्याच वर्षी अटलांटात ‘इनसाइड द एनबीए’ या टीव्हीवरच्या चर्चेच्या कार्यक्रमात टेबलामागे येऊन बसला. तेव्हापासून मध्यंतराची 15 मिनिटं खेळाडूंना विश्रांती आणि प्रेक्षकांना मेहनत, अशी वाटणी झाली आहे. तिकडची रात्री आठची मॅच हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेसहाला सुरू होते. डोळे अजून उघडायचे असतात आणि समोर शॅक पुटपुटत असतो.

आता या मध्यंतरात विश्लेषकाचं काम काय? समजा, एक संघ पिक अँड रोलवर मार खातोय. म्हणजे समोरचा सेंटर येऊन आपल्या गार्डच्या (बाहेरून खेळणाऱ्या चपळ खेळाडूच्या) वाटेत उभा राहतो, त्यांचा बॉलवाला गार्ड त्याला घासून पुढे सटकतो, आणि आपला सेंटर दोन माणसांच्या मध्ये एकटा सापडतो. त्याच्यापुढे मार्ग तीन. मागे थांबून बास्केट राखायची, याला ड्रॉप म्हणतात. पुढे धावून गार्डला अडवायचं, हा हेज. नाहीतर सरळ माणसं बदलून घ्यायची, हा स्विच. ड्रॉपमध्ये गार्डला अर्धा सेकंद मोकळा मिळतो आणि तो तिथूनच तीनचा, म्हणजे लांबून तीन गुणांचा, शॉट मारतो. हेजमध्ये समोरचा सुटलेला सेंटर मोकळ्या रानातून बास्केटकडे निघतो. स्विचमध्ये आपला अजस्र सेंटर बास्केटपासून 24 फुटांवर एका चपळ पोराच्या तावडीत सापडतो. यातलं नेमकं काय फसतंय आणि दुसऱ्या अर्धात काय बदलायला हवं, एवढं सांगितलं की पगार वसूल.

शॅकचं उत्तर असं : सेंटरला आतून भूक हवी. त्यानं दरारा निर्माण करायला हवा. बॉल आत द्या.

बस्स. पुढे जाहिरात.

माळ्यावरचा डबा कसा काढायचा विचारलं, तर ‘हात वर कर’ म्हणणाऱ्या उंच माणसासारखं हे आहे. खोटं काहीच नाही, फक्त उपयोग नाही. त्याच्या प्रत्येक उपायाची पहिली पायरी अध्याहृत असते : आधी सात फूट एक इंच उंची घ्या, त्यात 147 किलो घाला. मग बॉल आत घ्या, खांद्यानं ढकला, वळा, डंक करा, म्हणजे बॉल वरून रिंगमध्ये कोंबा. समोरच्याची अशी शिकार होणार असली की तो ‘बार्बेक्यू चिकन’ असं ओरडतो. सकाळी पोह्यांच्या वेळेला.

गंमत म्हणजे हिशेब त्याच्या बाजूनं आहे, पण फक्त त्याच्यापुरता. कारकिर्दीत त्याचे 58 टक्के शॉट आत गेले, म्हणजे शॉटला दोन गुण धरून दर शॉटमागे सुमारे 1.16 गुण. 36 टक्क्यांनी तीनचे शॉट मारणारा खेळाडू 1.08वर थांबतो. शॅकला बॉल देणं हे त्या काळी शुद्ध शहाणपणच होतं. पण जो सेंटर आत घुसून 45 टक्केच शॉट घालतो त्याचा हिशेब 0.90वर येतो, आणि त्याला बॉल देणारा प्रशिक्षक घरी जातो. शिवाय 2001-02च्या मोसमापासून झोन बचावाला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखायला, परवानगी मिळाली. आता सेंटरच्या पुढे एक आणि मागे एक उभा करता येतो, मधून पास टाकायलाच जागा नसते. म्हणून तर संघ दर मॅचला तीनचे 35-35 शॉट मारतात. शॅकनं अख्ख्या कारकिर्दीत 22 मारले, त्यातला 1 गेला. त्याला हा प्रकार न आवडणं समजण्यासारखं आहे.

बचावासाठी ओळखला जाणारा सेंटर रूडी गोबेर हे त्याचं जुनं दुखणं. 2020च्या डिसेंबरात युटा जॅझ या संघानं गोबेरला पाच वर्षांसाठी 20 कोटी 50 लाख डॉलर दिले, तेव्हा शॅकनं टोमणा मारला की 11 गुणांच्या सरासरीवर एवढे पैसे मिळतात हे लहान मुलांनी लक्षात ठेवावं. गोबेर तोवर दोनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरलेला. त्याला बघून समोरचे आत येतच नाहीत, आणि न मारलेले शॉट गुणफलकावर दिसत नाहीत. ते दाखवायला तर विश्लेषक ठेवतात!

महिनाभरानं त्याच संघातल्या डोनोव्हन मिचेलची पाळी आली. पोरगं 36 गुण करून, मॅच जिंकून मुलाखतीला उभं, आणि शॅक त्याच्या तोंडावर सांगतो की तू मला आवडतोस, पण वरच्या पायरीवर जायला जे लागतं ते तुझ्यात नाही. यावर तुझं काय म्हणणं? मिचेल ‘बरं’ एवढंच म्हणाला. त्या रात्रीचं सगळ्यात नेमकं विश्लेषण तेच. काय कमी आहे, पास की बचाव की उंची, हे शॅकनं सांगितलंच नाही.

गृहपाठाबद्दल तर बोलूच नये. लीगमध्ये 30 संघ, प्रत्येकी 15 करार, म्हणजे झाले 450 खेळाडू. पगारी माणसाला हे अवघड नाही. पण ख्रिश्चन वुड या खेळाडूचा खेळ आपल्याला ठाऊकच नव्हता, अशी कबुली शॅकनं त्याच्याच समोर माफी मागत दिली. टेबलावर शेजारी बसणारा माजी खेळाडू चार्ल्स बार्कली तर कोण कुठल्या संघात खेळतो हे ओळखण्यात इतका कच्चा, की त्याचा वेगळा खेळच कार्यक्रमात बसवला. अज्ञानाचं इतकं खेळीमेळीत भांडवल दुसऱ्या कुठल्या धंद्यात होतं? (जुना दिग्गज खेळाडू मॅजिक जॉन्सनही दुसऱ्या एका वाहिनीवर अशा खुर्चीत बसून गेला. त्याचा दोष उलटा, त्याला सगळेच आवडायचे.)

वाद अडला की हुकमाचं पान ठरलेलं : माझ्याकडे विजेतेपदाच्या चार अंगठ्या आहेत, चार्ल्सकडे एकही नाही. विषय कसलाही असो. फ्री थ्रोचा (फाउल झाल्यावर कुणी न अडवता मिळणाऱ्या शॉटचा) मात्र नसावा. 52.7 टक्केवाला माणूस दुसऱ्याचा चुकलेला फ्री थ्रो बघून मान हलवतो, तेव्हा हसू आवरत नाही. त्याला मुद्दाम फाउल करून लाइनवर पाठवायचे डावपेच त्याच्याच नावानं ओळखले जातात.

आणि 2013 ते 2022 हा माणूस सॅक्रामेंटो किंग्ज या एनबीए संघाचा छोटा भागीदारही होता. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवेंचा हा संघ 2019 साली वरळीत खेळून गेला. लॉस एंजेलिस लेकर्सकडून खेळत असताना याच संघाला शॅक ‘क्वीन्स’ म्हणून चिडवायचा. मालकाच्या खुर्चीतून टीकाकाराच्या खुर्चीत आणि परत, अशी ये-जा तिकडे कुणाला फारशी खटकली नाही.

तरीही रिमोट हातात का, तर अधूनमधून निकोला योकिच हा सेंटर बास्केटकडे पाठ करून बॉल घेतो म्हणून. तेव्हा शॅकचा सूर बदलतो. बचाव करणाऱ्याचा कुठला पाय पुढे आहे, त्याचं वजन कुठल्या टाचेवर आहे, त्यावरून खांदा डावीकडे टाकायचा की उजवीकडे, आणि कोपर कुठे ठेवलं की पंचाला दिसत नाही, हे सगळं तो दहा सेकंदांत सांगून टाकतो. हे ज्ञान दुसऱ्या कुठल्या टेबलावर मिळणार नाही. ते ऐकू येईल एवढा आवाज वाढवावा, तर नेमका बार्कली मध्येच ओरडतो.