‘येईल’ आणि ‘येऊ शकेल’: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

सप्रेम नमस्कार,

निन्टेंडो कंपनीच्या स्विच २ या गेमिंग कन्सोलविषयीच्या, ‘स्विच २ला पुढच्या वर्षभरात सॉफ्टवेअरमधून काय काय मिळेल’ या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. तिला चार ओळींत उत्तर देणे मला बरे वाटले नाही, म्हणून हे स्वतंत्र लिहितो आहे. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा आशय आधी सांगतो. आपण नाशिकरोडला राहता. आपल्या १४ वर्षांच्या मुलाने माझा लेख आपल्याला वाचून दाखवला आणि दिवाळीत नवा टीव्ही घेताना, केवळ त्यात व्हीआरआर (खेळाच्या वेगाप्रमाणे पडद्याने आपला वेग बदलण्याची सुविधा) आहे म्हणून, आपण आधी ठरवलेल्या मॉडेलपेक्षा ११ हजार रुपये जास्त मोजले. माझ्या लेखात ‘टीव्हीला जोडून खेळतानाही व्हीआरआर पुढच्या अपडेटमध्ये येईल’ असे वाक्य होते. टीव्ही घरी आला, ती सुविधा मात्र आली नाही. त्यावर आपण विचारले आहे की गोदाकाठी रामकुंडावर भविष्य सांगायला पोपट घेऊन बसणाऱ्यात आणि माझ्यात फरक तो काय, आणि शेवटी सुचवले आहे की कंपनी जाहीर करत नाही तोवर अशा गोष्टींवर मी लिहूच नये.

ते वाक्य माझे आहे आणि ते चुकले आहे. मला जेवढे ठाऊक होते त्यापेक्षा किती तरी जास्त मी ‘येईल’ या एका क्रियापदातून सांगून टाकले. ठाऊक होते ते एवढेच. स्विच २ हा ५ जून २०२५ रोजी बाजारात आला आणि त्याच्या स्वतःच्या ७.९ इंची पडद्यावर १२० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलेपर्यंत, व्हीआरआर चालते. विक्री सुरू होण्यापूर्वी निन्टेंडोच्या संकेतस्थळावर टीव्हीसाठीही ते चालेल अशा अर्थाचा मजकूर काही काळ होता. पुढे तो काढला गेला आणि ती माहिती चुकून प्रसिद्ध झाली होती, व्हीआरआर फक्त हातात धरून खेळतानाच चालते, असे कंपनीने दिलगिरी व्यक्त करून स्पष्ट केले. यावरून मी असा तर्क केला की जे एकदा लिहिले गेले ते कधी तरी योजनेत असणार, कन्सोलच्या चिपला ते जमते हे तर त्याच्या पडद्यावर दिसतेच आहे, म्हणजे आज ना उद्या ते येणार. या तर्कात मधला दुवाच नव्हता. कन्सोलमधून निघालेले चित्र यूएसबी-सी पोर्टमधून डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडण्यासाठी कन्सोल ज्यात उभा बसवतात त्या खोबणीत, जाते आणि तिथे त्याचे एचडीएमआय सिग्नलमध्ये रूपांतर होते. हे रूपांतर करणारा भाग बदलत्या वेगाचे चित्र पुढे पाठवू शकतो की नाही याचा कोणताही पुरावा माझ्याजवळ नव्हता. चिप सक्षम आहे एवढ्यावरून टीव्हीपर्यंतची सगळी वाट सक्षम ठरत नाही, हे मला लिहिताना सुचायला हवे होते.

व्हीआरआर म्हणजे नेमके काय, हेही त्या लेखात मी नीट सांगितले नव्हते, म्हणून इथे सांगतो. साधा टीव्ही सेकंदाला ६० वेळा, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी, चित्र बदलतो. खेळाला एखादे चित्र तयार करायला १९ मिलिसेकंद लागले, तर पंगतीतला वाढपी पोळी अजून तव्यावर असताना रिकाम्या हाताने पुढे निघून जावा तसे होते. जुनेच चित्र आणखी एक फेरी पडद्यावर राहते आणि धावणारे पात्र अडखळल्यासारखे दिसते. व्हीआरआरमध्ये वाढपी पोळी उतरेपर्यंत थांबतो. खेळाचा वेग जिथे वरखाली होतो तिथे ही सुविधा डोळ्यांना लगेच जाणवते, त्यामुळे आपल्या मुलाने तिचा आग्रह धरला यात त्याचे काही चुकले नाही.

आता पोपटाविषयी. रामकुंडाचे नाव आपण घेतलेच आहे, तर त्याच काठावरचे उदाहरण देतो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की भांडी बाजारातले आणि सराफ बाजारातले दुकानदार पाणी येण्याआधीच खालचा माल वरच्या फळ्यांवर चढवू लागतात. अमुक वाजता अमुक दुकानात पाणी शिरेल असे त्यांना कोणी सांगितलेले नसते. किती क्युसेक सोडले आहेत, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागले आहे की कमरेला, आणि २०१६च्या व २०१९च्या ऑगस्टमध्ये ते कुठवर चढले होते, एवढ्यावरून ते ठरवतात. प्रत्येक वेळी पाणी दुकानात येतेच असे नाही, पण म्हणून त्यांचे ठरवणे पोपटाच्या चिठ्ठीच्या पंक्तीला बसत नाही, कारण त्यामागे धरण आहे, नदीची वाट आहे आणि आधीच्या खुणा आहेत. कन्सोलबद्दलचे अनुमानही असेच करता येते, असे मी आजही मानतो. माझे वाक्य त्या कसोटीला उतरले नाही, ही गोष्ट वेगळी.

ज्या प्रकरणावरून मी हे शिकलो ते माझ्या घरातले आहे. सिडकोतल्या आमच्या घरी पुतणीसाठी बाहेरून आणवलेला पहिला स्विच होता. टीव्ही हॉलमध्ये, आणि त्याच हॉलमधल्या दिवाणावर माझी आई रात्री नऊला झोपायची. पुतणी टीव्हीचा आवाज बंद करून, डॉकमध्ये बसवलेल्या कन्सोलच्या वरच्या कडेला असलेल्या भोकात हेडफोनची लांब वायर खुपसून खेळायची. ती वायर टीव्हीच्या टेबलापासून खुर्चीपर्यंत जमिनीपासून वीतभर उंच ताणलेली असे. एके रात्री पाणी प्यायला उठलेल्या आईचा पाय तिच्यात अडकला. दिवाणाचा कठडा हाताला लागला म्हणून ती सावरली, पण कन्सोल डॉकसकट खाली आला. दुसऱ्या दिवशी मी डॉकच्या यूएसबीला लावायचा ब्लूटूथ अडॅप्टर विकत आणला.

त्या कन्सोलमध्ये ब्लूटूथ पहिल्या दिवसापासून होते, कारण त्याचे कंट्रोलर ब्लूटूथवरच चालतात. मार्च २०१७ मध्ये विक्री सुरू झाल्यापासून लोक विचारत होते की मग हेडफोन का जोडता येत नाहीत. तीन वर्षे काहीच झाले नाही, तेव्हा मी याच ठिकाणी ‘आता ते येणार नाही’ असे लिहिले. एप्रिल २०२१ मध्ये कन्सोलच्या सॉफ्टवेअरची १२.०.० ही आवृत्ती उलगडून पाहणाऱ्यांना तिच्यात ब्लूटूथ ऑडिओचा कोड आढळला. सप्टेंबर २०२१ मध्ये १३.०.० आवृत्तीबरोबर, आधी कोणताही गाजावाजा न होता, ती सुविधा सगळ्यांच्या कन्सोलमध्ये फुकट येऊन दाखल झाली. साडेचार वर्षे. तिच्याबरोबर आलेल्या अटी मला अधिक बोलक्या वाटल्या. ब्लूटूथ हेडफोन चालू असताना दोनच वायरलेस कंट्रोलर जोडता येतात, जॉय-कॉन या त्याच्या सुट्या होणाऱ्या कंट्रोलरची एक जोडीसुद्धा दोन धरली जाते, शेजारी बसलेल्या मित्राच्या कन्सोलशी थेट जोडून खेळायला गेले की हेडफोन तुटतो, आणि हेडफोनचा माइक चालत नाही. कंट्रोलर आणि आवाज यांना एकाच रेडिओवर दाटीवाटीने बसवले आहे, हे या अटींवरून उघड दिसते. उशीर का झाला असावा याचे उत्तर जर कुठे असेल तर ते मला इथेच दिसते. हार्डवेअर आहे पण जागा अपुरी आहे, अशा ठिकाणी सुविधा उशिरा आणि कापूनछाटून येते, हे तेव्हा मला कळले असते तर मी ‘येणार नाही’ असे ठामपणे लिहिले नसते. अडॅप्टर मात्र तरीही घेतला असता, कारण आईचा पाय अडकला तो त्या रात्री.

उलट उदाहरणही आहे. सोनीच्या प्लेस्टेशन ३ या कन्सोलवर वेगवेगळे खेळ खेळणाऱ्या मित्रांना आपसात बोलता यावे, ही मागणी वर्षानुवर्षे होत राहिली. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या प्रतिस्पर्धी कन्सोलवर ही सोय नोव्हेंबर २००८ मध्ये आली होती, त्यामुळे प्रत्येक मोठ्या अपडेटच्या आधी ‘या वेळी नक्की’ असे लिहिले जाई. ती कधीच आली नाही. त्या यंत्रात २५६ मेगाबाइट मुख्य मेमरी आणि २५६ मेगाबाइट चित्रांसाठीची मेमरी अशी वेगवेगळी विभागणी होती. खेळांना एकदा दिलेली मेमरी परत मागता येत नाही, कारण बाजारात गेलेले खेळ तेवढी मेमरी धरूनच बनवलेले असतात. प्रणालीच्या वाट्याला जे उरले त्यात कायम चालू राहणारे संभाषण बसत नव्हते. प्लेस्टेशन ४मध्ये ८ गिगाबाइट मेमरी आली आणि ती सोय पहिल्या दिवसापासून मिळाली. ज्याने मेमरीचा हिशेब मांडला असता त्याला ‘येणार नाही’ हे आधीच सांगता आले असते, आणि तेही अनुमानच ठरले असते.

म्हणूनच कंपनीच्या घोषणेपर्यंत थांबावे ही आपली सूचना मला मान्य करता येत नाही. कंपनी ‘हे देणार’ असे कधी तरी सांगते, ‘हे कधीच देणार नाही’ असे जवळपास कधीच सांगत नाही. आणि सांगितलेलेही वेळेवर मिळते असे नाही. प्लेस्टेशन ४मध्ये खेळ अर्धवट सोडून कन्सोल झोपवावा आणि पुन्हा तिथूनच सुरू करावा, ही सोय फेब्रुवारी २०१३च्या घोषणेतच होती. कन्सोल त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विकायला आला आणि सोय मार्च २०१५ मध्ये मिळाली. प्लेस्टेशन ५च्या बाबतीत व्हीआरआर पुढे देऊ असे कंपनी सांगत होती. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या त्या कन्सोलला ते एप्रिल २०२२ मध्ये मिळाले. आपल्याकडे तो कन्सोल २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आला होता. ज्याने त्या भरवशावर त्याच दिवशी नवा टीव्हीही घेतला असेल, त्याने वर्षाहून अधिक काळ न वापरता येणाऱ्या गोष्टीचे पैसे भरले. दिलेले काढून घेतल्याचेही उदाहरण आहे. प्लेस्टेशन ३वर लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली बसवण्याची सोय १ एप्रिल २०१०च्या ३.२१ आवृत्तीने बंद केली. जे अपडेट घेणार नाहीत त्यांना ऑनलाइन खेळता येणार नव्हते, आणि अमेरिकेत त्यावरून खटला चालला.

घोषणा झालेली असो वा नसो, खरेदी करणाऱ्या माणसाला निर्णय आजच घ्यायचा असतो. आपल्या गावात तो निर्णय अधिक अवघड आहे. निन्टेंडो स्विच इथे अधिकृतपणे विकत नाही, त्यामुळे दुकानदाराला विचारून खात्री होत नाही. प्लेस्टेशन ५च्या मोठ्या अपडेट्सची चाचणीही २०२१ मध्ये सुरू झाली ती अमेरिका, कॅनडा, जपान, ब्रिटन, जर्मनी आणि फ्रान्स या सहाच देशांत, म्हणजे नाशिकमध्ये बसून हातात घेऊन पाहण्याची सोय नव्हती. अशा वेळी कोणी तरी यंत्राची रचना, आधीचा इतिहास आणि मेमरीचा हिशेब मराठीत नीट मांडून सांगितला, तर माणूस निदान कशासाठी पैसे मोजू नयेत हे ठरवू शकतो. माझ्या लेखाने आपल्याबाबतीत नेमके उलटे केले. जे काम मी महत्त्वाचे मानतो तेच माझ्या हातून बिघडले, याचे मला मनापासून वाईट वाटते. आपल्या मुलालाही हे सांगावे, अशी विनंती आहे, कारण घरात त्याच्याकडे बोट दाखवले गेले असेल तर ती चूक त्याची नव्हती.

लेख मी आज दुरुस्त केला आहे. ‘येईल’ हे क्रियापद त्यात सात ठिकाणी होते. त्यांपैकी दोन ठिकाणी ते ठेवले, कारण तिथे कंपनीने स्वतः सांगितलेले आहे. चार ठिकाणी ‘येऊ शकेल’ केले आणि प्रत्येक ठिकाणी कशाच्या आधारावर, ते पुढे लिहिले. टीव्हीवरच्या व्हीआरआरचे वाक्य काढून टाकले नाही. ते तसेच ठेवून खाली डॉकबद्दलची उणीव आणि आपल्या प्रतिक्रियेचा उल्लेख जोडला आहे, म्हणजे पुढच्या वाचकाला माझे काय चुकले ते दिसेल.

आता आपल्या टीव्हीविषयी. व्हीआरआर असलेला टीव्ही बहुधा १२० हर्ट्झचा असतो, आणि स्विच २ डॉकमधून १२० हर्ट्झचे चित्र पाठवू शकतो, मात्र ४केमध्ये नाही, १०८०पी किंवा १४४०पीमध्येच. काही खेळ सेकंदाला ४० चित्रांचा पर्याय देतात. ६० हर्ट्झच्या टीव्हीवर ४० चित्रे सारखी वाटली जात नाहीत, म्हणून हालचाल खडबडीत दिसते. १२० हर्ट्झवर प्रत्येक चित्र बरोबर तीन फेऱ्या पडद्यावर राहते, म्हणजे २५ मिलिसेकंद, आणि हालचाल बरीच गुळगुळीत होते, व्हीआरआर नसतानाही. त्यासाठी कन्सोलच्या टीव्ही आउटपुटच्या सेटिंगमध्ये १२० हर्ट्झ चालू आहे का ते पाहा, टीव्हीवर गेम मोड लावा आणि कन्सोलबरोबर आलेलीच एचडीएमआय केबल वापरा. टीव्हीच्या मागे तीन-चार पोर्ट असले तरी १२० हर्ट्झ घेणारे बहुधा एक-दोनच असतात आणि त्यांच्याशेजारी तसे लिहिलेले असते. डॉकची केबल त्यांपैकीच एकात आहे का, हे मुलाला टॉर्च घेऊन बघायला सांगा आणि काय आढळले ते मला इथेच कळवा. मॉडेल क्रमांक दिलात तर त्याचे माहितीपत्रक मी स्वतः पाहून उत्तर लिहीन.