दारुहळद आणि जीरावन

इंदूरमध्ये वजन वाढायला वेगळं काही करावं लागत नाही. सकाळी पोहे-जलेबी, दुपारी कचोरी आणि रात्री सराफ्यातली सोन्याची दुकानं मिटली की त्यांच्याच समोर मांडलेले गराडू आणि भुट्ट्याचा कीस. त्यामुळे रामबागेतल्या आमच्या घरात माझ्या पँटचं बटण हा कौटुंबिक चर्चेचा विषय झाला, त्याचं मला नवल वाटलं नाही.

नवल वाटलं उपायांचं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी भिजवलेली मेथी सांगितली. आत्यानं कोकणातून आमसुलं मागवली. त्यातल्या हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लानं चरबी झडते म्हणे. (माणसांवरच्या चाचण्यांत हा परिणाम अगदीच किरकोळ निघालाय, पण आत्याला सांगणार कोण?) फार्मसी शिकणारा भाचा दारुहळदीची पूड घेऊन आला. (नावात हळद असली तरी हे झुडूप वेगळंच.) ती जिभेवर टेकवली आणि कारलं माझ्यासाठी मिठाईत जमा झालं.

"मामा, यात बर्बेरिन असतं. ते रक्तात फारसं शोषलंच जात नाही."

"मग गिळायचं कशाला?"

"ते आतड्यात राहतं. तिथल्या जंतूंची वस्ती बदलतं. चांगले जंतू तंतूमय अन्नापासून ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात, त्यातून पोट भरल्याचा निरोप मेंदूला जातो."

माझ्या पोटातून असा निरोप कधी निघाल्याचं स्मरणात नाही. पण विज्ञान म्हटल्यावर मीही सरसावलो. म्हटलं, हळदीतलं कर्क्युमिन तेलातुपात विरघळतं ना? सोबत मिरीतलं पायपरिन असेल तर वीसपट शोषलं जातं, हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ सालीच दाखवलंय ना? मग पोह्यांवर भुरभुरायच्या आमच्या जीरावन मसाल्यात हळद आहे, मिरी आहे, आणि खाली तेलात तळलेली शेव आहे. आम्ही इंदुरी लोक पिढ्यान्‌पिढ्या औषधच घेतोय!

"मामा, मात्रा नावाची गोष्ट असते," भाचा म्हणाला. "चिमूटभर मसाल्याला अख्खी परात शेव नाही चालत. आणि तुमच्या शुगरच्या गोळीबरोबर ही पूड डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका." ते ऐकताच हिनं पूड उचलून फडताळात, वरच्या फळीवर ठेवली. मला फारसं दुःख झालं नाही.

शेवटचा बाण मी राखून ठेवला होता. अमेरिकेत २००६ साली लठ्ठ उंदरांच्या आतड्यातले जंतू दुसऱ्या, जंतुविरहित उंदरांत सोडले, तर त्यांचीही चरबी जास्त वाढली. "म्हणजे दोष माझा नाहीच," मी म्हटलं, "जंतूंचा आहे."

"असेल," ही म्हणाली, "पण त्या उंदरांना रात्री अकरा वाजता स्कूटर काढून सराफ्यात जाताना कुणी पाहिलं नव्हतं."