शंकासूर, बोगनवेल आणि हुमणीचे भुंगेरे

परवा संध्याकाळी एका विद्यार्थिनीच्या वडिलांचा फोन आला. "मॅडम, पोरीला ते रात्रीचं शेतातलं प्रोजेक्ट नको. लॅबमधलं कायतरी द्या. मार्क कमी पडले तरी चालतील."

पोरीचा विषय हुमणी. उसाची मुळं खाणारी पांढरी अळी सगळ्यांना माहीत असते, तिचे आईबाप मात्र कुणी बघत नाही. पहिला वळीव झाला की जमिनीतून भुंगेरे वर येतात, अंधार पडता पडता बांधावरच्या झाडांवर बसतात, पाला खातात, तिथंच जोड्या जमतात आणि उजाडायच्या आत परत मातीत. कुठल्या झाडावर किती आणि किती वाजता, एवढंच मोजायचं आहे. पण ते सात-साडेसातनंतरच मोजता येतं. भुंगेऱ्यांना कॉलेजचं टाइमटेबल कुणी कळवलेलं नाही.

मी "बघते" म्हणून फोन ठेवला आणि मग रात्री दोनपर्यंत मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत बसले. सगळी चोख उत्तरं फोन ठेवल्यावरच सुचतात. ती इथं लिहून मोकळी होते.

बावीस वर्षांपूर्वी एम.एस्सी.ला असताना मी हेच ऐकलं होतं, पण घरून नाही, डिपार्टमेंटमधून. 'फील्ड मुलांना, लॅब मुलींना' असं कुठं लिहिलेलं नव्हतं. विषयांची यादी लागली तेव्हा ती तशीच निघाली, बस्स. माझ्या वाट्याला परागकण आले. परागकणांशी माझं भांडण नाही, देखणी चीज आहे. पण ज्या फुलांचे ते होते ती फुलं वर्गातली मुलं पिशवीतून आणून द्यायची. झाड उन्हात होतं का सावलीत, फुलावर कोण बसलं होतं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "अगं, एवढं कोण बघतंय!"

एवढं बघणारी एक बाई होती, म्हणून तिच्याबद्दल.

आमच्या स्टाफ क्वार्टर्सच्या कुंपणाला शंकासूर आहे. तुमच्याही सोसायटीत असेल. लाल-पिवळी फुलं, बाहेर लोंबणारे लांब केसर, वाळल्यावर तडकणाऱ्या चपट्या शेंगा. महिन्यातून एकदा माळी त्याची हजामत करतो, त्यापलीकडे कुणी त्याची दखल घेत नाही. हेच झाड १७०५ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये छापलेल्या एका पुस्तकात आहे. चित्रही मारिया सिबिला मेरियानचं आणि मजकूरही तिचाच. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये, डचांच्या उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलाम बायकांनी तिला सांगितलं, की आम्ही या झाडाचं बी गर्भ पाडायला वापरतो. आमच्या पोटची पोरं गुलाम म्हणून जन्माला येऊ नयेत म्हणून. तिनं ते तसंच लिहिलं. वनस्पतीच्या वर्णनात, पानं आणि शेंगांच्या शेजारी.

पहिल्यांदा हे वाचल्यावर मी खाली जाऊन त्या कुंपणाकडे बघत उभी राहिले होते. वॉचमनला वाटलं, काही हरवलंय.

मेरियानचा जन्म १६४७ चा, फ्रँकफुर्टचा. वडील नक्षीकाम करून पुस्तकं छापणारे. ती तीन वर्षांची असताना ते गेले. सावत्र वडील फुलांची चित्रं काढणारे. त्यांच्या हाताखाली ती ब्रश धरायला शिकली आणि तेराव्या वर्षी रेशमाचे किडे पाळायला लागली. त्या काळात किडे चिखलातून, घाणीतून, कुजक्या मांसातून आपोआप उपजतात असं भले भले विद्वान धरून चालायचे. मांसावरच्या अळ्या माश्यांच्या अंड्यांतून येतात, हे रेडी नावाच्या इटालियन वैद्यानं १६६८ मध्ये दाखवलं. त्याच्या आठ वर्षं आधी ही पोरगी अंडं, अळी, कोष, पतंग असं एकेक टिपत बसली होती.

तिची पद्धत अगदी घरगुती होती. अळी सापडली की ज्या पानावर सापडली तेच पान खायला घालायचं, डबीत ठेवायचं, रोज बघायचं, लिहायचं. पान संपलं आणि दुसरं मिळालं नाही तर अळी मरते, तेही लिहायचं. कढीपत्त्यावरची हिरवी जाड अळी आपण काय करतो? चिमटीत धरून गॅलरीतून खाली. दोन दिवस आधी ती अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी होती, आणि कढीपत्ता-लिंबाची पानं सोडून ती जास्वंदीवर ठेवली तर उपाशी मरेल, हे डबीत ठेवल्याशिवाय कळत नाही. मेरियाननं १६७९ मध्ये सुरवंटांचं पुस्तक काढलं. त्यातल्या ५० चित्रांत किडा आणि त्याचं झाड एकाच पानावर आहेत. आज आम्ही वर्गात 'खाद्य वनस्पती' म्हणून तास घेतो तो विषय तिनं या पानांवर आधीच मांडून ठेवलेला आहे. तेव्हाचे बाकीचे संग्राहक फुलपाखरं टाचणीला टोचून रंगांप्रमाणे मांडत होते.

कधी कधी कोषातून फुलपाखराऐवजी माश्याच बाहेर यायच्या. तिला कोडं पडायचं, पण तिनं ते लपवलं नाही. जे दिसलं ते लिहिलं. आपल्याकडे याच कोड्याचं काय झालं बघा. कुंभारमाशी अळीला धरून मातीच्या घरात कोंडते आणि काही दिवसांनी आतून कुंभारमाशीच बाहेर येते. आपण त्यावरून भृंगकीटकन्याय काढला: अळी माशीचं ध्यान करता करता माशीच झाली. कीर्तनात ऐकायला मलाही आवडतं. पण घर फोडून बघितलं तर माशीनं अळीला नांगी मारून लुळी केलेली असते, शेजारी अंडं घातलेलं असतं आणि अंड्यातून निघालेलं पिल्लू ती अळी ताजी ताजी खात असतं. दृष्टांत छान जमला, आणि मग घर फोडून बघायची कुणाला गरज वाटली नाही.

१६९९ मध्ये मेरियान सुरिनामला निघाली. वय ५२. नवऱ्यापासून कधीच वेगळी झालेली. राजा नाही, कंपनी नाही, विद्यापीठ तर नाहीच. प्रवासाच्या पैशासाठी तिनं स्वतःची २५५ चित्रं विकली आणि निघण्यापूर्वी मृत्युपत्र केलं. बरोबर धाकटी लेक, डोरोथेआ, २१ वर्षांची. दोघी बायका अटलांटिक ओलांडून किडे बघायला. तिथले मळेवाले हसायचे, की या देशात साखरेशिवाय दुसरं काही शोधणारी ही कोण? तिनं तेही लिहून ठेवलंय, आणि तसं बऱ्यापैकी तिखटपणे. दोन वर्षांत तापानं तिला पार खाल्लं, १७०१ मध्ये परत फिरावं लागलं, पण चार वर्षांनी ६० चित्रांचं पुस्तक बाहेर आलं.

त्यातल्या एका चित्रात पेरूच्या फांदीवर केसाळ कोळी एका गुंजनपक्ष्याला खातोय. या चित्रापायी तिची फार बदनामी झाली. १८३० च्या दशकात तिच्यावर झोड उठवणारा एक लेख छापून आला. लिहिणाऱ्यानं स्वतः सुरिनाम पाहिलेलं नव्हतं. मग १८६३ मध्ये हेन्री बेट्स या इंग्रज निसर्ग-अभ्यासकानं ॲमेझॉनच्या प्रवासवर्णनात लिहिलं, की पक्षी मारणारा कोळी मी डोळ्यांनी पाहिला, आणि मग सगळ्यांना पटलं. दीडशे वर्षं बाईची थाप, बेट्सनं सांगितल्यावर शास्त्र. अर्थात चुका तिच्याही आहेत. एका किड्याच्या डोक्यातून वाचता येईल एवढा उजेड पडतो असं ती लिहिते. तो पडत नाही.

आणि एक गोष्ट तिला सोडून देता येत नाही. सुरिनामच्या जंगलात तिच्यापुढे कुऱ्हाडीनं वाट तोडत कोण जात होतं? गुलामच. शंकासुराची गोष्ट सांगणाऱ्या बायकांची नावं पुस्तकात नाहीत. तिथली एक आदिवासी बाई तिच्याबरोबर ॲम्स्टरडॅमला गेली, तिचंही नाव नाही. त्या बायकांनी जे सांगितलं ते तिनं गाळलं नाही, हे तिचं मोठेपण. पण 'पहिली स्त्री कीटकशास्त्रज्ञ' म्हणून फक्त तिलाच हार घालायला माझे हात जरा अडखळतात. जर्मनांनी तिला पाचशे मार्कांच्या नोटेवर छापलं. ठीक आहे. नोटेवर एकच चेहरा मावतो.

कुंपणाच्या दुसऱ्या बाजूला बोगनवेल आहे, तर तिचंही सांगते. बोगनवेल युरोपच्या शास्त्राला मिळाली १७६७ मध्ये, रिओमध्ये. बुगेनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीच्या जगप्रदक्षिणेवर कोमेर्सों नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता आणि त्याच्या पायाला जखम होती. डोंगर चढायचे, झाडं तोडून आणायची, दाबायच्या फळ्या पाठीवर वाहायच्या, ही कामं त्याचा 'मदतनीस' करायचा. मदतनीस म्हणजे जान बारे, छातीला पट्ट्या आवळून पुरुषाच्या वेशात वावरणारी बाई. फ्रेंच नौदलाच्या जहाजावर बायकांना बंदी होती.

तिच्या गोष्टीतला सगळ्यात कामाचा तपशील माझ्या मते हा: सामान फार म्हणून कप्तानानं आपली मोठी खोली कोमेर्सोंला दिली, आणि त्या खोलीला स्वतंत्र संडास होता. नाहीतर गुपित पहिल्याच आठवड्यात फुटलं असतं. हसू नका. माझ्या पिढीतल्या कुठल्याही फील्ड करणाऱ्या बाईला विचारा. सकाळपासून पाणी न पिता घाट चढलेली असते ती. मुलींना फील्डवर नेऊ नका म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना धोक्याची काळजी असते, बाकीच्यांना संडासाची सोय करायचा कंटाळा.

बारेनं जगाला फेरा घातला, असं करणारी ती पहिली बाई ठरली, १७८५ मध्ये फ्रेंच सरकारनं तिला पेन्शनही दिली. पण तिचं नाव टिकून राहील अशी वनस्पती २०१२ पर्यंत नव्हती. तेव्हा कुठं दक्षिण अमेरिकेतल्या, बटाट्या-वांग्याच्या गोतावळ्यातल्या एका वेलीला 'सोलॅनम बारेटिए' म्हटलं गेलं.

आता फोनवाल्या दादांकडे परत येते. त्यांच्याकडे चार एकर ऊस आहे. उसाची जात विचारली तर ते डोळे मिटून "शहाऐंशी बत्तीस" म्हणतील. त्या आकड्याआधीचं 'को' कुणी उच्चारत नाही. को म्हणजे कोइमतूर. तिथल्या ऊस पैदास केंद्रात १९३४ ते १९३९ एक बाई काम करत होती, ई. के. जानकी अम्मल. तलश्शेरीचा जन्म, १८९७ चा. नात्यातल्या मुलाशी ठरत असलेलं लग्न बाजूला सारून शिकायला गेली आणि १९३१ मध्ये मिशिगनहून वनस्पतिशास्त्राची डॉक्टर झाली. कोइमतूरला तिनं उसाचा संकर मक्याशी केला, बांबूशी केला, रानगवतांशी केला. नदीकाठी पांढरे तुरे डोलवणारं उसाचं रानटी भावंड तिनं पेशीपर्यंत जाऊन तपासलं. शहाऐंशी बत्तीस तिनं काढली असं मी म्हणत नाही, ती कितीतरी नंतरची. पण उसाच्या गुणसूत्रांचा गुंता सोडवायला बसलेल्यांत ती होती.

तरी तिला तिथं सुखानं राहू दिलं नाही. एकटी बाई, त्यात जातीनं खालची मानलेली. ती इंग्लंडला गेली. लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश तिनं डार्लिंग्टन या इंग्रज गुणसूत्र-अभ्यासकाबरोबर १९४५ मध्ये काढला. नेहरूंनी बोलावलं म्हणून १९५१ मध्ये परत आली, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची घडी बसवायला. काही काळ तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रातही होती.

मला तिचा एक प्रसंग विसरता येत नाही. आसामच्या एका भागात मॅग्नोलियाच्या एका जातीचं एकच झाड उरलंय असं कळल्यावर ती शिलाँगपासून ३७ मैल गेली. पोहोचली तर झाड जाळून टाकलेलं. १९५५ मध्ये प्रिन्स्टनच्या परिषदेत तिनं हे सांगितलं. माणसानं पृथ्वीचा चेहरा कसा बदलला यावर बोलायला जमलेल्यांत ती एकटी बाई होती. पुढं ऐंशी पार केल्यावर केरळच्या सायलेंट व्हॅली जंगलात धरण होऊ नये म्हणून लढणाऱ्यांतही ती होती. फेब्रुवारी १९८४ मध्ये गेली. सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान झालं त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात.

एवढं सगळं मनात घोळवून काल मीच दादांना फोन लावला. मेरियान वगैरे काही काढलं नाही. नुसतं विचारलं, "दादा, वळीव झाला की तुमच्याकडे भुंगेरे गोळा करतं कोण?"

"करतात की घरातल्या बाया."

"किती वाजता?"

थोडा वेळ काही आवाज नाही. "सात, साडेसात. कडुलिंबाच्या फांद्या हलवायच्या, खाली पडले की रॉकेलच्या पाण्यात. तिची आई आन् माझी वहिनी बॅटरी घेऊन जातात."

"मग पोरगी त्यांच्याबरोबर वही घेऊन गेली तर?"

ते "बघतो" म्हणाले, माझ्यासारखंच. पण फोन ठेवायच्या आत मागून त्या वहिनींचा आवाज आला, बहुतेक भाकरी थापता थापता: "अवो, मॅडमला सांगा, नुसता लिंब न्हाई. बाभळीवर आन् बोरीवर जास्ती असत्यात. लिंबावर मागनं येत्यात."

मी ते लिहून घेतलं. वहिनींचं नाव विचारायचं राहिलं. प्रोजेक्टच्या पहिल्या पानासाठी ते आणि पोरीच्या आईचं, दोन्ही हवीत. आज परत फोन करते.