गवंडी घरात राहतो का?

जानेवारीच्या शेवटी पुण्यात एक साथ येते. एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन बघून आलेली माणसं दोन दिवस धड बोलत नाहीत, बाल्कनीच्या कठड्याकडे टक लावून बसतात आणि तिसऱ्या दिवशी कुठल्यातरी नर्सरीत सापडतात. मला ही साथ दरवर्षी लागते. लस निघाली आणि तिच्यावर एक कुंडी फुकट असली, तर मी कुंडी घेऊन परत येईन.

यंदा गुलाब आणला. प्रदर्शनातला गुलाब बशीएवढा होता, नर्सरीतला वाटीएवढा, पण त्याला सात कळ्या होत्या. "ताई, बारमाही आहे. फुलं काढून काढून दमाल," नर्सरीवाले दादा म्हणाले. मी किंमत विचारली, त्यांनी सांगितली, मी "बापरे" म्हटलं, त्यांनी पन्नास रुपये कमी केले. लग्नाच्या बोलण्यांसारखंच झालं. देण्याघेण्याचं सगळं ठरलं, मुलाची तब्येत विचारायची राहून गेली.

चौथ्या दिवशी कळ्यांनी माना टाकल्या. आठवड्यात पानं पिवळी पडली. पाणी घातलं की ते मातीत न मुरता कडेकडेने सुळकन खाली उतरायचं आणि बशीत जमायचं. शेवटी मी काळी पिशवी कात्रीने टरकावली. आत माती नव्हती, गोळा होता. शाळेत गोळाफेकीला असायचा तसला. सुरी टोचली, सुरीचं टोक वाकलं. मग वरवंटा आणला. चारपाच घाव झाल्यावर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून मान वर करून विचारलं, "अगं, एवढं कसलं वाटण?"

गोळा फुटला तर आत आणखी एक पिशवी! लहान, तिचा रंग उडालेला. म्हणजे रोप लहान असताना ज्या पिशवीत होतं, ती न काढताच वरून चिकणमाती थापली होती. त्या पिशवीच्या आत बिचारी मुळं चकलीसारखी गोल गोल फिरत बसलेली. घरच्या घरी उत्खनन झालं. तिसऱ्या थरात सातवाहनांचं नाणं मिळालं असतं तरी मला नवल वाटलं नसतं.

फोटो काढून नर्सरीत गेले. दादांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, डॉक्टर एक्स-रे बघतात तसा उजेडाकडे धरला, आणि म्हणाले, "पाणी जास्त झालं."

"अहो, पाणी आत शिरतच नव्हतं."

"मग कमी झालं."

यापुढे अपील नाही. झाड मरतं ते तुमच्या घरी, तुमच्या हातात झारी असताना. प्रेताशेजारी सापडलेल्या माणसाने काय बोलायचं?

मातीचा विषय काढला तर ते उलट खुलले. माल आंध्रातल्या कडियमहून येतो म्हणाले, गोदावरीकाठी सगळ्या नर्सऱ्याच नर्सऱ्या, तिथून लॉऱ्या भरून देशभर झाडं जातात. वाटेत गोळा फुटू नये आणि ओल टिकावी म्हणून चिकणमाती. पटण्यासारखं होतं. घरी येताना एकदम लक्षात आलं: गोदावरी आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावते. नाशिक, पैठण, नांदेड करत महाराष्ट्राचा गाळ खाली फुकट घेऊन जाते, आणि तोच आम्ही लॉरीभाडं भरून परत विकत आणतो.

गुलाब मात्र मेला नाही. महिन्याभराने बुंध्यातून एक तरतरीत फूट आली आणि बघता बघता हातभर वाढली. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. आईचं सगळं आयुष्य रत्नागिरीकडे आंब्याच्या कलमांत गेलेलं, तिने कौतुक सोडून एकच प्रश्न केला, "डोळ्याच्या वरून फुटलंय की खालून?"

"कुठला डोळा?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग तिने समजावलं, शिकलेल्या मुलीला समजावतात त्या सुरात. जंगली गुलाबाच्या खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातला कोंब, भरतात. वरचं मेलं की खालचा खुंट मोकाट सुटतो. "आमच्याकडे हापूस म्हणून आणलेलं कलम जोडाखालून फुटलं की घरात रायवळ येतो. खालची फूट तेव्हाच खुडायची असते गं." म्हणजे ज्याला मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होते, ज्याचा फोटो घरच्या ग्रुपवर 'वाचला एकदाचा!' म्हणून टाकला होता, तो आमचा गुलाब नव्हताच. तो घरमालक गेल्यावर बंगल्यात ठाण मांडलेला भाडेकरू होता. फूल नाही, नुसते काटे. त्याला काढवलं नाही ही गोष्ट वेगळी.

आता खताकडे येते. तिथे माझा खरा अपमान झाला.

गुलाबाबरोबरच १० किलोचं गांडूळखत घेतलं होतं. पोत्यावर हसरं गांडूळ छापलेलं. गांडुळाला दात दाखवताना मी प्रथमच पाहिलं. पोतं उघडलं तर वास असा, की मुलगा शेजारच्या खोलीतून "आई, गॅस बघ" म्हणून ओरडला. खत ओलंचिंब होतं. ते गच्चीत वर्तमानपत्रांवर दोन दिवस पसरलं आणि घरातल्या काट्यावर तोललं. पोत्यासकट मी, वजा मी. (मधला आकडा सांगणार नाही.) उरलं ५ किलो ८०० ग्रॅम. बाकीचं महापालिकेचं पाणी मी किलोच्या भावाने विकत घेतलं होतं.

मग मात्र मी इरेला पेटले. १९८५चा खत नियंत्रण आदेश शोधून वाचला. गांडूळखतात ओलावा १५ ते २५ टक्के, दुर्गंधी नको, आणि निदान ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून पडायला हवा, असं त्यात चक्क लिहिलंय. म्हणजे माझे दहाचे साडेसात तरी उरायला हवे होते. ओलाव्यात आणि वासात नापास झालेल्या विद्यार्थ्याला चाळणीच्या पेपराला बसवलं. घरातली जुनी चाळण बळी दिली. वर राहिलं ते असं: विटेचे तुकडे, शांपूची पुडी, पेनाचं टोपण, अर्धी हिरवी बांगडी आणि एक छोटं प्लॅस्टिकचं चाक, कुणाच्या तरी खेळण्यातल्या ट्रकचं. गांडूळ एकही नाही. हसरं तर नाहीच, रडकंही नाही.

ही सगळी संपत्ती मी डब्यात भरून नर्सरीत नेली आणि काउंटरवर उपडी केली. दादांनी बांगडी उचलून बघितली, बाजूला ठेवली.

"आणि यात गांडूळ कुठेय?" मी ठेवणीतला प्रश्न टाकला.

"ताई," ते अगदी मायेने म्हणाले, "घर बांधून झाल्यावर गवंडी तिथंच राहतो का?"

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. वाईट म्हणजे ते बरोबर होते. खत तयार झालं की गांडुळं वेगळी काढून पुढच्या ढिगात सोडतात, हे मीही त्याच आठवड्यात वाचलं होतं. पण मग गवंड्याने बांगड्या का घातल्या होत्या, हे विचारायचं घरी पोचल्यावर आठवलं. मला सगळं नेहमी घरी पोचल्यावर आठवतं. तेव्हा हातात मात्र निंबोळी पेंडीची पुडी होती, कारण "रिकाम्या हाताने जाऊ नका" म्हणून त्यांनी ती दिली होती. ऐंशी रुपयांना.

चाळलेलं खत टाकवेना, म्हणून खुंटाच्या कुंडीत घातलं. मार्चमध्ये त्या कुंडीत दोन परकी रोपं उगवली. मी काही पेरलं नव्हतं. पानं कुस्करून हुंगली तर टोमॅटो! कुणाच्या तरी ओट्यावरच्या सडक्या टोमॅटोचं बी त्या कच्च्या खतातून जसंच्या तसं आलं होतं. नीट कुजलेल्या ढिगात उष्णता एवढी चढते की असलं बी सहसा जगत नाही. म्हणजे खत कच्चं असल्याचा ठणठणीत, हिरवागार पुरावा माझ्या बाल्कनीत डोलत होता. मे महिन्यात अकरा टोमॅटो लागले. मी त्यांचे फोटो काढले, तारखेसकट, आणि मुद्देमाल घेऊन शेवटचं एकदा नर्सरी गाठली. या वेळी वाक्यं पाठ करून गेले होते.

दादांनी फोटो मोठा केला. उजेडाकडे धरला. हाताखालच्या पोऱ्यालाही बोलावून दाखवला.

"बघितलंत? खत एक नंबर निघालं की!" ते म्हणाले. "आणि ताई, टोमॅटोचं रोप आम्ही दहा रुपयाला देतो. तुम्हाला दोन गेली."