सांताच्या दाढीला रस्सा

तुळशीचं लग्न लागलं, अंगणातल्या अक्षता अजून झाडून व्हायच्यात, तोच मेन रोडवर लाल टोप्या लटकलेल्या दिसतात. हा मुहूर्त चुकवू नका. पंचांगात तो नाही, पण दुकानदारांना तोंडपाठ आहे. तुम्ही पक्के नाशिककर असाल, सात पिढ्यांत कुणी चर्चची पायरी चढलं नसेल आणि येशूबद्दल तुम्हाला शाळेच्या पुस्तकात होतं तेवढंच आठवत असेल, तर नाताळ साजरा करायला तुमच्याइतकं लायक माणूस नाही. ज्यांना या सणातलं जास्त कळतं त्यांचा खर्च फारच कमी होतो. त्यांच्या भरवशावर बाजार बसला तर दिवाळी ते संक्रांत उपाशीच राहायचा.

मी हा सण नऊ वर्षं करतोय. तेव्हा चार गोष्टी सांगायचा अधिकार मला आहे.

सणाची सुरुवात शाळेच्या ग्रुपवरच्या मेसेजने होते. तो रात्री पावणेदहाला येतो. ‘उद्या सर्व मुलांनी लाल ड्रेस, सांता कॅप व 50 रुपयांच्या आतील गिफ्ट आणावे.’ यातल्या ‘उद्या’वर चिडू नका. तो शब्द नसता तर तुम्ही चार दुकानं फिरला असता, भाव केला असता. आता तुम्ही गाडीला किक मारता, शालिमारला निम्मी शटरं खाली आलेली असतात आणि संध्याकाळी 30 ला मिळणारी टोपी 80 ला पडते. 50 रुपयांच्या आतल्या भेटवस्तूला 120 लागतात ते वेगळेच. आमच्या कन्येच्या टोपीचा रंग कपाळाला लागला आणि दोन दिवस निघाला नाही. तिची पणजी गावाहून आली होती. तिने पणती पाहिली, समाधानाने मान हलवली. म्हणाली, ‘बरं केलंस बाई, देवाला जाऊन आलीस.’

मग झाड. चार फुटांचंच घ्या. दोन फुटांचं पाहुण्यांना बोन्साय वाटतं आणि सहा फुटांचं वन बीएचकेत उभं केलं तर फ्रिजचं दार उघडत नाही. (आम्ही पाच दिवस दूध गॅलरीत ठेवलं. नाशिकची थंडी होती म्हणून निभावलं.) झाड खोक्यातून काढलं की त्याच्या फांद्या मिटलेल्या छत्रीसारख्या अंगाला चिकटलेल्या असतात. त्या एकेक करून वाकवायच्या. एवढ्यात हिरव्या प्लास्टिकचा भुसा सतरंजीत शिरतो तो थेट गौरी-गणपतीपर्यंत पायाला टोचतो. खोक्यावरची अक्षरं वाचता येणार नाहीत, कारण ती चिनी आहेत. जगातल्या नाताळच्या सजावटीचा मोठा हिस्सा तिकडच्या यीवू नावाच्या एका शहरातून येतो आणि बनतो भर उन्हाळ्यात. म्हणजे आपण घाम पुसत आंबे पिळत असतो तेव्हा आपल्या हॉलमधला बर्फ तिकडे खोक्यात भरला जात असतो. दिव्यांची माळ दिवाळीचीच वापरा, असं मी म्हणणार होतो. पण ती माळ्यावर आहे हे पक्कं माहीत असताना नवी आणणं, हीच तर या सणाची खरी पूजा.

चांदणीच्या बाबतीत मात्र एक धोका आहे, तो आधीच सांगतो.

आमच्या मजल्यावर एक काका राहतात. मूळचे शरणपूरचे, तीन-चार पिढ्यांचे मराठी ख्रिस्ती. शरणपूर म्हणजे काय हे आपल्याला साधारण ‘शरणपूर रोडला पार्किंग मिळत नाही’ इतपत माहीत असतं. ते गाव 19व्या शतकाच्या मध्याला मिशनऱ्यांनी वसवलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेचा शोध घेत फिरलेल्या लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत लंडनपर्यंत गेला आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा द्यायला होता. त्याच रस्त्यावर आपण हल्ली सेलचे बोर्ड वाचत पहिल्या गिअरमध्ये रांगतो. असो.

तर त्रिपुरी पौर्णिमा झाल्यावर मी आमचा आकाशकंदील घंटागाडीत टाकायला निघालो होतो. काकांनी जिन्यात अडवलं. ‘टाकतोस कशाला? पाच टोकांचा आहे ना? दे इकडे.’ डिसेंबरात तोच कंदील त्यांच्या दारात लागला. मी अर्थातच ‘ख्रिसमस स्टार’ आणला होता, 350 रुपयांचा. दोन्ही दारं समोरासमोर. दोन्ही कंदील एकाच साच्यातले होते. माझ्या कंदिलावर इंग्रजीत स्टिकर होता, एवढाच फरक. काकांकडे गेलेला मी दिवाळीत 150 ला घेतला होता.

‘काका, झाड नाही आणलं यंदा?’ मी विचारलं.

‘अरे, कढीपत्ता आहे की गॅलरीत. त्यालाच माळ सोडलीय.’

अशा लोकांपासून सावध राहा. सण घरचा असला की माणसं त्याच्याबद्दल फार निष्काळजी होतात. काकूंचा नाताळ म्हणजे काय, तर आठवडाभर करंज्या, चकल्या, शंकरपाळे. कोपऱ्यात शेणाने सारवलेल्या पाटावर गव्हाणी मांडलेली, त्यातली गाय सरळसरळ पोळ्याच्या बाजारातली मातीची. 24 च्या रात्री स्वेटर, कानटोपी घालून उपासनेला. खरेदी म्हणाल तर मैदा, तूप आणि नातवंडांना एकेक कपडा. यांच्यावर कुठला बाजार चालणार?

म्हणून तुम्ही मॉलमध्ये जा. तिथे सांता आहे.

आम्ही गेलो त्या मॉलमध्ये सांतासोबत फोटो फुकट होता, फक्त बिल 2000 च्या वर पाहिजे. आमचं 1640 झालं होतं. बायकोने 399 चं पायपुसणं उचललं. त्यावर रेनडियर होता. (रेनडियरवर पाय पुसायला आम्हाला अजून जड जातं, त्यामुळे ते देवघरासमोर घातलंय.) रांगेत पाऊण तास गेला. आमची पाळी आली तेव्हा सांता ‘हो हो हो’ म्हणाला, कन्या भोकाड पसरून रडली आणि फोटोत तिच्या उघड्या तोंडाशिवाय काही आलं नाही. तो फोटो आम्ही फ्रेम केला. फ्रेम तिथेच मिळत होती.

बाहेर पडलो तर मागच्या बाजूच्या गाड्यावर तोच सांता मिसळ खात होता. दाढी इलॅस्टिकसकट गळ्यात ओढलेली, टोपी मांडीवर, आणि डगल्याच्या पुढच्या बटणांमधून उशीचा अभ्रा दिसत होता. फुलाफुलांचा. वीस-एकवीस वर्षांचं पोरगं, गाल बसलेले. पाव बुडवून तोंडापर्यंत नेताना रस्स्याचा एक ओघळ नेमका पांढऱ्या कापसावर उतरला.

‘काका, हे डाग निघत्यात का?’ त्याने मलाच विचारलं.

मी लिंबू चोळायला सांगितलं. माझा स्वतःचा यावर काहीएक अभ्यास नाही. मग गप्पा निघाल्या. दिवसाचे 800 मिळतात, दाढी खराब झाली तर 200 कापतात. ठेकेदार एकच. तो जन्माष्टमीला याला पेंद्या करतो, लग्नसराईत वरातीपुढे अस्वल, फेब्रुवारीत गुलाबी टेडी. ‘टेडीत लई गरम होतं. त्यापरीस सांता बरा, थंडीत तरी येतो.’

पुढे 25 तारखेला सोसायटीच्या ग्रुपवर एकीने लेकराचा फोटो टाकला. दाढीच्या डाव्या बाजूला तेलकट नारिंगी पट्टा अगदी स्पष्ट दिसत होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘किती रिअल वाटतोय ना!’

कुणी शंका काढेल, की या सगळ्याचा धर्माशी काय संबंध? तुम्ही घाबरू नका, छाती पुढे काढून ‘काही नाही’ म्हणा. मूळचे संत निकोलस चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे बिशप. त्यांचा गुबगुबीत आजोबा केला तो अमेरिकेत: 19व्या शतकात थॉमस नास्टने व्यंगचित्रांतून काढला आणि 1931 पासून कोकाकोलाच्या जाहिरातींनी तो लाल डगल्यासकट घरोघरी पोचवला. लाल नाकाचा रेनडियर तर 1939 साली शिकागोच्या एका दुकानदार कंपनीने गिऱ्हाइकांच्या पोरांना वाटायला पुस्तिका काढली, तिच्यात जन्मला. माझं पायपुसणं थेट त्याच्या वंशातलं. शुभेच्छापत्राचं म्हणाल तर 1843 मध्ये लंडनच्या हेन्री कोल यांना एवढ्या पत्रांना उत्तरं लिहायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी कार्डंच छापून घेतली. उरलेली एकेक शिलिंगला विकायला काढली. तेव्हा ग्रुपवर आलेला सांता तुम्ही न बघता पुढच्या ग्रुपवर ढकलता, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. तुम्ही परंपराच पाळताय.

ग्रुपवर त्याच दिवशी दुसरी फौजही येईल: आपली संस्कृती, आपली तुळस, टोप्या घालू नका. त्यांनाही नमस्कार करा. आमच्या ग्रुपवर ही मोहीम चालवणाऱ्या गृहस्थांनी तुळशीची चिनीमातीची कुंडी मागवली होती. कुठून, तर ‘ख्रिसमस धमाका’ सेलमधून, 40 टक्के सवलतीत.

आता केक. ऑफिसची नाताळ पार्टी हमखास मार्गशीर्षातल्या गुरुवारी ठेवतात, त्यामुळे ऑर्डर देताना ‘एगलेस प्लम’ असं म्हणा. बेकरीवाला दचकत नाही. एकदा दचकला होता, ते मी विनाकारण ‘यात प्लम कुठाय?’ असं विचारलं म्हणून. नसतोच. जुन्या इंग्रजीत सुक्या द्राक्षांनाही प्लम म्हणत, तेव्हा केकातला प्लम म्हणजे आपला बेदाणा. आख्ख्या देशाला द्राक्षं पुरवणाऱ्या जिल्ह्यात बसून आपण चमचाभर बेदाण्याचे पाव किलोला 380 मोजतो, का, तर डब्यावर सोनेरी रिबन असते. ती रिबन जपून ठेवा. तिचं काम पुढे आहे.

आणि बर्फ! बर्फाशिवाय नाताळ कसला? मॉलच्या बाहेर तंबूत साबणाचा फेस उडवतात, दहा मिनिटांचे 100 रुपये. तिथून तासाभराच्या वाटेवर निफाड आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहावर उतरल्याची बातमी दर एक-दोन वर्षांनी वाचतोच आपण. दवबिंदू गोठलेले असतात. एकदा पहाटे कामासाठी त्या बाजूला गेलो होतो, तर बागेबागेत धूर. शेतकरी रात्रभर शेकोट्या पेटवून बसलेला, थंडीने द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून. कुणी पहाटेचं पाणी सोडत होतं. मी काच खाली करून म्हटलं, ‘काय मस्त थंडी आहे!’ त्या माणसाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी इथे लिहीत नाही. त्यापेक्षा साबणाचा फेस बरा. त्यात कुणाचं नुकसान नसतं आणि फोटोही चांगले येतात.

ऑफिसातल्या सीक्रेट सांताबद्दल, म्हणजे चिठ्ठ्या टाकून गुपचूप भेटी द्यायच्या खेळाबद्दल, फार लिहीत नाही. मला चिठ्ठीत मिळाला तो चिनीमातीचा मग मी दोन वर्षांपूर्वी दिलेलाच होता. त्याचा कान उडालेला होता, तेवढी ओळख पटली.

31 डिसेंबर उलटला की झाडाचं काय करायचं, हा प्रश्न उरतो. माळ्यावर जागा नसते, कारण तिथे दिवाळीची माळ आहे. आमच्या घरी यंदा फार गहन चर्चा झाली. झाड शेवटी खोक्यात गेलं, पण फांद्या परत मिटेनात, म्हणून खोकं उघडंच पलंगाखाली आहे. त्यावरचे लाल-सोनेरी चकचकीत गोळे मात्र 24 उरले होते. बायकोने मोजले, आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. संक्रांत तोंडावर आली होती.

तर हळदीकुंकवाला वाण म्हणून एकेक गोळा, त्याला केकच्या डब्याची सोनेरी रिबन. वरून तिळगूळ. बायका खूश झाल्या, ‘काहीतरी वेगळं’ म्हणाल्या. काकूही आल्या होत्या, त्यांना दरवर्षी बोलावणं असतं. त्यांनी तो गोळा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, वरचा आकडा बोटाने ताणून बघितला.

‘चांगला आहे गं,’ त्या म्हणाल्या. ‘पण हा लावायचा कुठं?’